वाचकांचे प्रश्न : कौशल्याला दाद देणारा पत्त्यांचा खेळ कसा रचावा?

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून चार खेळाडूंसाठी पत्त्यांचा एक नवा खेळ तयार करीत आहोत. विषय बाजारपेठेचा आहे. प्रत्येक खेळाडूकडे स्वतःचा चाळीस पानांचा संच असतो. त्यातील दहा पाने 'आमदनी'ची असतात आणि उरलेली तीस पाने माल, गोदामे, गाड्या यांची असून ती आमदनी खर्च करूनच मांडता येतात. आरंभी पाच पाने घ्यायची आणि प्रत्येक पाळीला एक पान उचलायचे. अडचण अशी की विचार करून खेळणारा माणूसही पुष्कळदा काहीही न करता हरतो. पत्ते पिसण्याचा भागच काढून टाकला तर हा खेळ बुद्धिबळासारखा निव्वळ कौशल्याचा होईल काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पिसणे काढून टाकण्याची घाई करू नका, कारण तुमच्या खेळातला दोष पिसण्यात नसून आकड्यांत आहे, आणि तो कागदावर मांडून पाहता येतो. चाळीस पानांत दहाच आमदनीची असतील, तर पहिल्या पाच पानांत त्यांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे २१.७ टक्के निघते. हे एका खेळाडूचे झाले. चौघांपैकी निदान एकाच्या हाती आरंभी आमदनीचे एकही पान नसण्याची शक्यता ६२ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दर पाच डावांपैकी तीन डावांत कोणीतरी एक जण पहिल्या पाळीपासूनच हात बांधून बसलेला असतो. त्याने कितीही विचार केला तरी त्या विचाराला खेळात जागाच नाही. आमदनीची पाने दहाऐवजी सोळा केलीत तर एका खेळाडूसाठी ही शक्यता ६.५ टक्क्यांवर आणि चौघांसाठी मिळून २३ टक्क्यांवर येते. सुधारणा मोठी आहे, पण आता नेमकी उलट तक्रार सुरू होईल. हाती आमदनी भरपूर आणि मांडायला माल नाही, असे डाव येऊ लागतील.

हा पेच जुना आहे. रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून त्याच्या खेळाडूंना तो सतावत आला आहे. तेथे साठ पानांच्या संचात साधारण चोवीस पाने 'जमिनी'ची ठेवतात आणि आरंभीचा हात फारच वाईट आला तर तो परत करून नवा घेण्याची मुभा असते. २०१४ च्या 'हार्थस्टोन' या संगणकीय खेळाने तो प्रश्न मुळापासूनच काढून टाकला. तेथे प्रत्येक पाळीला खर्चाची क्षमता आपोआप एकेकाने वाढते आणि दहावर थांबते. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक पसंत आहे. हातातील कोणतेही पान, मग ते मालाचे असो वा गाडीचे, पालथे ठेवून त्याची आमदनी करण्याची मुभा द्या. असे केल्याने अडकून पडण्याचा प्रसंग टळतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पाळीला एक खरा निर्णय जन्माला येतो. हे मोठे गोदाम आज आमदनी म्हणून जाळायचे, की पाच पाळ्यांनी उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवायचे? नवखा खेळाडू येथे नेहमी महागडे पान जपतो आणि मुरलेला खेळाडू आपल्या योजनेत न बसणारे पान डोळे मिटून खर्ची घालतो. दोघांमधला फरक दिसायला सुरुवात होते ती येथे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. नशीब निर्णयाच्या आधी येते की नंतर, यावर सारे अवलंबून असते. पाने वाटली गेली, ती पाहिली आणि मग काय करायचे ते ठरवले, तर ते नशीब म्हणजे सोडवायला दिलेले गणित असते. उलट, उत्तम विचार करून चाल केली आणि ती फळली की नाही हे मग फासा टाकून ठरले, तर तो विचार वाया जातो. तुमच्या नियमांत 'माल विकल्यानंतर एक पान उलटून भाव ठरवावा' असा एखादा नियम असेल, तर तो आधी काढा. त्याऐवजी भावाची पाच पाने सर्वांना दिसतील अशी उताणी मांडून ठेवा. एक वापरले की त्या जागी नवे येईल. अनिश्चितता तेवढीच राहते, मात्र आता ती हिशेबात धरता येते.

पिसणे पूर्णपणे काढल्यास चार जणांच्या खेळात दुसरेच संकट उभे राहते. आरंभीच्या चाली पाठ होतात, आणि कमी अनुभवी खेळाडू कधीच जिंकत नसल्यामुळे तो चौथ्या दिवशी बसायलाच येत नाही. डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या २००८ च्या 'डोमिनियन' या खेळाची रचना या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. मूळ पेटीत विशेष पानांचे पंचवीस प्रकार होते आणि त्यांतून दरवेळी दहा निवडून मध्यभागी मांडायचे. या निवडी ३२,६८,७६० प्रकारे होऊ शकतात. तेव्हा पाठांतर चालत नाही, आणि मांडलेले दहा प्रकार सर्वांसाठी सारखेच असल्यामुळे त्या निवडीच्या नशिबाबद्दल कोणाला कुरकुर करता येत नाही.

प्रश्न : आमच्या घरी मेंढीकोट पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, पण माझे काका म्हणतात की ज्याला दश्श्या येतात तो जिंकतो, डोके चालवण्याचा प्रश्नच नाही. हे खरे आहे काय? आणि जुन्या खेळांवरून नव्या खेळासाठी काही घेता येईल का?
— एक वाचिका, कराड

उत्तर : काकांच्या म्हणण्यात गणिताचा आधार आहे, पण निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. मेंढीकोटात दश्शीलाच 'मेंढी' म्हणतात आणि जास्त मेंढ्या जिंकणारी जोडी डाव जिंकते. बावन्न पानांत दश्श्या चार, आणि प्रत्येक जोडीला सव्वीस पाने. चारही दश्श्या एकाच जोडीकडे वाटल्या जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के, तीन-एक अशा विभागणीची जवळजवळ ५० टक्के आणि दोन-दोनची ३९ टक्के आहे. म्हणजे शंभरांपैकी एकसष्ट डावांत एक जोडी वाटपातच पुढे असते. मात्र दश्शी हे काही सर्वांत मोठे पान नव्हे. तिच्यावर एक्का, राजा, राणी आणि गुलाम अशी चार पाने बसतात, त्यामुळे दश्शी वाटपात मिळणे आणि ती आपल्या हातात पडणे यांत बरेच अंतर आहे.

एक प्रसंग जवळून पाहा. तुमच्याकडे किलवरची दश्शी आणि दुर्री अशी दोनच पाने आहेत. भिडूने किलवरचा राजा उतरला, पुढच्या प्रतिस्पर्ध्याने सत्ती टाकली, आता पाळी तुमची आणि तुमच्यानंतर दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याची. एक्का अजून दिसलेला नाही. दश्शी टाकली आणि एक्का शेवटच्या खेळाडूकडे निघाला तर मेंढी गेली. दुर्री टाकली तर दश्शी उघडी पडते, आणि पुढच्या वेळी किलवर निघाले की ती टाकावीच लागते. योग्य उत्तर पानांत नाही, भिडूच्या सवयीत आहे. तुमचा भिडू एक्का आणि राजा दोन्ही हाती असताना नेहमी आधी एक्काच उतरत असेल, तर राजा उतरून त्याने तुम्हाला सांगितले आहे की एक्का त्याच्याकडे नाही. तेव्हा दुर्री टाकणे शहाणपणाचे. तो बेशिस्त खेळणारा असेल तर तुम्हाला काहीच कळणार नाही. घरच्या खेळात ज्याला 'जोडी जमणे' म्हणतात ते हेच, आणि ते नशीब नक्कीच नाही. कट हुकूम खेळत असाल तर त्यात आणखी भर पडते, कारण कोणाकडचा कोणता रंग आधी संपेल यावर हुकूम ठरतो आणि उतरणारा खेळाडू त्याला वळण देऊ शकतो.

नव्या खेळासाठी घेण्यासारख्या दोन गोष्टी मला दिसतात. पहिली आहे बोली, आणि ती मेंढीकोटात नसून तीनशेचारमध्ये आहे. तेथे बत्तीस पाने असतात. गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन आणि राणीचे दोन असे प्रत्येक रंगाचे शहात्तर गुण होतात, आणि चार रंगांचे मिळून तीनशेचार. पहिली चार पाने वाटून झाली की बोली लागते आणि उरलेली चार मागाहून मिळतात. चांगली पाने आलेल्याला येथे ती फुकट पचवता येत नाहीत. त्याला मोठी बोली करून तेवढे गुण करून दाखवावे लागतात, आणि वाईट पाने आलेला शांतपणे गप्प बसून दुसऱ्याला चढवू शकतो. नशिबाला किंमत लावण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट ब्रिजची. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये वाटलेले चार हात एका खाचा असलेल्या पाटीत जसेच्या तसे ठेवले जातात आणि ती पाटी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. तुम्हाला मिळालेले गुण समोरच्या जोडीशी नव्हे, तर तीच पाने इतर टेबलांवर घेऊन बसलेल्या जोड्यांशी तोलले जातात. तेरा पानांचा हात ६३५ अब्जांहून अधिक प्रकारे येऊ शकतो, परंतु या पद्धतीत त्याने काही बिघडत नाही. वाईट हात सर्वांनाच वाईट आलेला असतो आणि त्यात कमीत कमी कोण गमावतो एवढेच पाहायचे असते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळवले, ते याच प्रकारच्या तुलनेतून. मेंढीकोट असा दोन टेबलांवर खेळून पाहण्यास काहीच खर्च नाही. दोन जोड आणि चार लिफाफे पुरतात. एका टेबलावर ज्या जोडीला तीन मेंढ्या मिळाल्या, दुसऱ्या टेबलावर तिच्या जोडीदार संघाला एकच मिळालेली असेल अशी बैठक ठेवा. काकांचे मत बदलते का ते कळवा.

प्रश्न : आमच्या खेळात चार खेळाडू असून कोणीही कोणावरही हल्ला करू शकतो. दरवेळी असे होते की जो पुढे जातो त्याच्यावर तिघे तुटून पडतात, आणि शेवटी जो जिंकण्याच्या शर्यतीतच नाही तो ठरवतो की उरलेल्यांपैकी कोणी जिंकायचे. हे कसे टाळावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात कौशल्याचा खरा शत्रू हाच आहे, आणि आश्चर्य म्हणजे रचनाकारांचे लक्ष बहुतेक वेळ पिसलेल्या पानांवरच खिळलेले असते. दोघांच्या खेळात माझा तोटा तो तुमचा फायदा, तेव्हा कोणाला मारायचे हा प्रश्न येत नाही. तिसरा माणूस बसला की लगेच मर्जी, रुसवा, मागच्या वेळचा हिशेब हे सारे टेबलावर येते. 'इस्पिकची राणी' ज्यात टाळायची असते तो खेळ बहुतेकांना माहीत असेल. बदामाच्या प्रत्येक पानाचा एक आणि राणीचे तेरा असे डावाला सव्वीस दंडगुण, कोणाचे तरी शंभर झाले की खेळ संपतो आणि सर्वांत कमी दंड असलेला जिंकतो. समजा गुण ६२, ६६, ८७ आणि ९७ असे आहेत. सत्त्याण्णववाला जिंकणार नाही हे उघड आहे, पण राणी त्याच्या हातात आहे. ती त्याने पहिल्याच्या हातावर टाकली तर बहुधा दुसरा जिंकतो, दुसऱ्याच्या हातावर टाकली तर पहिला. बासष्टपर्यंत मोठ्या कौशल्याने पोहोचलेल्या माणसाचे भवितव्य आता चहा कोणी आणून दिला यावर ठरू शकते.

याला उपाय बरेच आहेत, परंतु मी त्यांना सारखे वजन देत नाही. गुण शेवटपर्यंत झाकून ठेवणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत दुबळा. लक्ष देणारा खेळाडू मनात बेरीज करतोच, आणि मग कौशल्याच्या नावाखाली आपण केवळ बेरीज लक्षात ठेवण्याची परीक्षा घेतो. हल्ल्याचे लक्ष्य निवडण्याची मुभाच काढून घेणे हा अधिक खणखणीत मार्ग आहे. पान डाव्या हाताच्या शेजाऱ्यावरच चालेल, किंवा सर्वांवर सारखे चालेल, किंवा ज्याच्याकडे ठरावीक माल सर्वाधिक आहे त्याच्यावरच चालेल, असे नियम करा. सर्वांनी आपले पान एकाच वेळी पालथे ठेवून एकदम उलटण्याची पद्धतही चांगली, कारण मग शेवटी खेळणाऱ्याला इतरांची चाल पाहून न्यायाधीश होता येत नाही.

सर्वांत मुळाशी जाणारा उपाय मात्र गुणमोजणीत आहे. हरणाऱ्यासाठीही खेळण्यासारखे काही शिल्लक ठेवा. एका खेळाचा विजेता जाहीर करून थांबण्याऐवजी संपूर्ण बैठकीचे गुण जोडा, आणि दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकालाही किंमत द्या. सत्त्याण्णववाल्याला तिसरा क्रमांक मिळवण्याने दोन गुण मिळणार असतील, तर तो राणी कोठे टाकायची याचा विचार स्वतःच्या फायद्यासाठी करेल. पोकरमध्ये हा प्रश्न सौम्य असण्याचे कारण हेच आहे. तेथे प्रत्येक चकतीला स्वतःची किंमत असते आणि दुसऱ्याला जिंकवण्यासाठी चकत्या उधळणारा स्वतःचेच नुकसान करतो. सहा जणांच्या पोकरमध्ये २०१९ साली 'प्लुरिबस' या संगणकीय कार्यक्रमाने नामांकित व्यावसायिक खेळाडूंवर मात केली, तेव्हा सहा जणांच्या गर्दीतही कौशल्य तग धरू शकते याविषयी शंका राहिली नाही.

आणि जोड्या करण्याचा आपला जुना मार्ग विसरू नका. चार खेळाडूंच्या दोन जोड्या केल्या की हे राजकारण उरतच नाही.

प्रश्न : पहिल्या दोन डावांत पुढे गेलेला खेळाडू शेवटपर्यंत पुढेच राहतो. मागे पडलेल्याला मदत द्यावी काय?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : थेट मदत देऊ नका. मागे राहण्याचे बक्षीस मिळू लागले की चतुर खेळाडू मुद्दाम मागे राहतात. पाच-तीन-दोन या तिघांच्या खेळाकडे पाहा. जास्त हात केलेला खेळाडू पुढच्या डावात कमी हात करणाऱ्याच्या हातातून न पाहता पान ओढतो आणि त्याला आपले नको असलेले पान देतो, म्हणजे जिंकणाऱ्याची ताकद वाढतच जाण्याची पूर्ण सोय तेथे आहे. तरीही खेळ एकतर्फी होत नाही, कारण पाच, तीन आणि दोन हातांची जबाबदारी दर डावाला फिरते. ताकद वाढली की जबाबदारीही वाढावी अशी तजवीज करा.

प्रश्न : आमच्या खेळात कौशल्य आहे की नाही, हे तपासायचे कसे?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : सर्वांत स्वस्त चाचणी अशी. चौघांपैकी एकाने पानांकडे न पाहता, नियमात बसेल ते कोणतेही पान खेळावे. अशा आंधळ्या खेळाडूने चारांत एक डाव जिंकला तर तुमच्या खेळात निर्णय नाहीत, त्यांचा नुसता देखावा आहे. वीसांत एखादा जिंकला तर पाया भक्कम समजा.

नंतर दोन जाणत्या खेळाडूंमधील फरक पाहायचा असेल तर धीर धरावा लागेल. एका डावात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला खेळाडू तीन डावांची लढत ६५ टक्के, पाचांची ६८ टक्के आणि सातांची ७१ टक्के वेळा जिंकतो. एका डावातली ही शक्यता ५५ टक्क्यांवर आली तर शंभर डाव खेळल्यानंतरही सरस खेळाडू बरोबरीत किंवा मागे असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के उरते. तेव्हा एका रविवारच्या बैठकीवरून निकाल देऊ नका, आणि एकेक डाव लहान ठेवा. दोन तासांच्या एका डावापेक्षा वीस मिनिटांचे सहा डाव कौशल्याला अधिक न्याय देतात.

प्रश्न : सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात असे वाचले. पाने आणि नियम वाढवले की खेळ अधिक कौशल्याचा होतो, असे म्हणता येईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : म्हणता येणार नाही. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने असतात. अर्ध्या रंगांत दहा मोठा तर अर्ध्यांत एक मोठा असतो. असे असूनही नियम थोडकेच आहेत. तेथील कौशल्याचा मोठा भाग कोणती पाने पडून गेली आणि आता कोणत्या रंगात कोणते पान सर्वांत वरचे राहिले, हे लक्षात ठेवण्याचा आहे. त्या कलेबद्दल मला आदर आहे, पण नवा खेळ रचणाऱ्याने स्मरणशक्तीवर फार भार टाकू नये. खेळून झालेली पाने उताणी राहू द्या आणि ती कोणालाही पाहू द्या. मग परीक्षा होते ती पाहिलेल्यातून काय ओळखले याची.

प्रश्न : आमचा खेळ कौशल्याचा ठरला तर मोबाइलवर प्रवेशशुल्क आणि रोख बक्षीस ठेवून तो चालवता येईल काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र होऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवणे, कोणते धरायचे व कोणते टाकायचे हे ठरवणे यांवर त्या निर्णयात भर होता, आणि तीन पानी खेळ तिच्यापासून वेगळा काढला होता. आपल्या राज्यातील १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. परंतु संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेलाच नाही. त्यामुळे तुमचा खेळ कितीही कौशल्याचा असला तरी त्या युक्तिवादावर ही योजना उभी करू नका. बक्षीस न ठेवता खेळ वापरण्याचे ठरावीक शुल्क घेणे ही वेगळी बाब आहे, आणि छापील पेटी विकणे त्याहूनही वेगळी. पहिल्या बाबतीत काम सुरू करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. पेटी छापण्यासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही, फक्त छपाईला देण्याआधी आंधळ्या खेळाडूची वर सांगितलेली चाचणी करून घ्या, कारण छापलेल्या पानांवरचे आकडे नंतर बदलता येत नाहीत.